तिसऱ्या कप्प्यातली कोरडी वाइन

१

वाइन गोड निघाली, आणि जेवणाच्या टेबलावर कुणीतरी गेल्याची बातमी यावी तशी शांतता पसरली.

एरवी त्या घरात वाइन गोड निघणं ही काही दुर्घटना नव्हती. त्या मळ्यात तीन पिढ्या गोडच वाइन होत आली होती. द्राक्षांवर एक खास बुरशी धरायची, मण्यांतलं पाणी पिऊन टाकायची, आणि दिसायला पार वाया गेलेल्या त्या सुरकुतल्या मण्यांतून मधासारखी वाइन निघायची. जगभर लोक बुरशी आली म्हणून रडतात. हे घर बुरशी आली नाही तर रडायचं.

आणि एका वर्षी ती खरंच आली नाही. तेव्हा थोरल्या मालकांनी त्या धडधाकट द्राक्षांची कोरडी वाइन केली. कोरडी म्हणजे जिच्यात साखर उरलेलीच नाही अशी. पुन्हा कधी केली नाही. थोरले मालक गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाला त्यांची बायको, जिला सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यातली एक बाटली उघडायची. आता बारा उरल्या होत्या.

यंदाची गोड निघाली. दुसरी उघडली, तीही गोड. तिसरी उघडली तेव्हा सूनबाईनं आधी डोळे मिटले, मग घोट घेतला, आणि निकाल सांगावा तसं म्हणाली, "गोड."

मोठ्या बाईंनी ग्लास खाली ठेवला. "माझ्या माणसाची वाइन कुणी नेली?"

मुलानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं. छतानं अर्थातच कुणाचं नाव घेतलं नाही. तेव्हा भिंतीशी उभे असलेले तळघरकाका एक पाऊल पुढे आले. बेचाळीस वर्षं त्या घराचं तळघर त्यांच्या हातात होतं.

"मी प्यालो," ते म्हणाले. "बाराच्या बारा."

२

विमा कंपनीनं तपासनीस पाठवली ती दोन दिवसांनी. तिचा नेहमीचा प्रांत म्हणजे फुटलेल्या टाक्या आणि गळकी न्हाणीघरं. साहेबांनी फाइलवर लिहिलं होतं, "द्रवपदार्थ, तरीही कोरडा. गायब. पाहून येणे." द्रवपदार्थ म्हटला की तो हिच्याकडे, असा ऑफिसचा शिरस्ता होता. गेल्या वर्षीच्या तापात हिचं नाक गेलंय, वास नाही की धड चव नाही, हे साहेबांना माहीत होतं. पण टाक्यांच्या कामात त्याचा फायदाच झाला होता.

काका त्यांच्या खोलीत सामान बांधत होते. मोठ्या बाईंनी रविवारपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं होतं. आज गुरुवार. बेचाळीस वर्षांचा संसार दोन ट्रंकांत मावत होता, आणि काकांना त्याचंच जरा वाईट वाटत असावं.

"बसा मॅडम. ट्रंकेवर बसा, म्हणजे झाकणही लागेल."

ती बसली. झाकण लागलं.

"कधी प्यालात?"

"वेळ मिळेल तशी."

"बारा बाटल्या?"

"वेळ बराच मिळाला."

"बुचं कुठायत? रिकाम्या बाटल्या?"

काकांनी याचा विचार केला नव्हता हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. "तेही मीच प्यालो असं लिहा," ते शेवटी म्हणाले.

तिनं वहीत तसं लिहिलं आणि पुढे एक लहानसं प्रश्नचिन्ह काढलं. मग म्हणाली, "तळघर दाखवा."

एकतीस पायऱ्या. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच महिने झाले होते. ते एकेक पायरी उतरताना तोंडानं आकडा म्हणत होते. खाली एक लांब भिंत, आणि भिंतीत कमानीसारखे नऊ कप्पे. सगळ्या बाटल्या आडव्या, सगळ्या सारख्या. कुठे आकडा नाही, की एका बाटलीवर लेबल नाही.

"ओळखायचं कसं?"

"लेबल इथल्या ओलीनं कुजतं. म्हणून माल बाहेर पडताना वर लावायचं. आणि आकडे थोरल्या मालकांना चालायचे नाहीत. म्हणायचे, आकडा लिहिला की चोराला पत्ता दिल्यासारखं होतं. आपण मोजायचं." त्यांनी पायऱ्यांशी उभं राहून बोटानं मोजलं. "एक, दोन, हा तिसरा. कोरडी इथे. म्हणजे, असायची."

तिसऱ्या कप्प्यात नऊ बाटल्या होत्या. उघडलेल्या तीन धरून बारा. शेजारच्या कप्प्यांतल्या बाटल्यांवर धुळीची साय धरली होती. या नऊ जणींवर मात्र बोटांचे ठसे होते.

ती पुढे चालत गेली. सातव्या कप्प्यात खच्चून बाटल्या होत्या, शंभर तरी. वरच्या ओळीत मात्र बारा खाचा रिकाम्या.

"ही नेहमीची गोड," काका पुटपुटले.

"म्हणजे इथल्या बारा काढून तिकडे तिसऱ्यात ठेवल्या. तुम्हीच?"

"मीच. चोर असलो म्हणून काय झालं, कप्पा रिकामा ठेवायची सवय नाही मला."

सातव्या कप्प्यासमोर वेताची एक लहान खुर्ची होती. तिच्यावर उशी.

"ही कुणाची?"

"देव जाणे. दवाखान्यातून परत आलो तेव्हापासून इथे आहे." काका एकदम जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा. फक्त मोठ्या बाईंना प्रश्न विचारू नका."

म्हणजे तिला पहिल्यांदा कुणाला प्रश्न विचारायचे ते ठरलं. पण वाटेत मुलगा भेटला.

३

मुलाला वाइनपेक्षा यंत्रं जास्त आवडत. त्यानं तपासनीसबाईला खुर्ची दिली ती वर-खाली होणारी, आणि ती वर-खाली करून दाखवल्याशिवाय बोलणं सुरू केलं नाही.

"काकांनी असं करावं हे पटत नाही हो. त्यांनी मला खांद्यावर बसवून मळा दाखवलाय. त्यांच्या गुडघ्यासाठी मी तळघराला लिफ्ट बसवली. पलीकडच्या टोकाला, अंगणातून थेट खाली. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी चालू झाली. अजून एकदाही बसले नाहीत. म्हणतात, बेचाळीस वर्षं स्वतः उतरलो, आता मला सामानासारखं उतरवू नका."

"ते दवाखान्यात होते तेव्हा माल कोण काढायचं?"

"मीच. दोन महिने. जाताना त्यांनी मला तीन वेळा बजावलं होतं. जुनी गोड पाचव्यात. नेहमीची गोड सातव्यात. तिसऱ्याला हात लावायचा नाही." त्यानं दोन्ही हात वर केले. "तिसऱ्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. पाचव्यातल्या पेट्या गेल्या बऱ्याच. सातव्यातली एकच गेली."

"नक्की एकच?"

"एकच. सातव्यात होत्याच तेवढ्या. बारा. पेटी भरली आणि कप्पा रिकामा झाला. काका आल्या आल्या मी सांगितलं त्यांना, सातवा संपलाय, भरून घ्या. ते जाऊन बघून आले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, 'तुझं गणित लहानपणापासून असंच रे.'"

तपासनीसबाईनं पेन थांबवलं. पंधरा मिनिटांपूर्वी तिनं सातवा कप्पा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्यात शंभर बाटल्या होत्या, आणि निम्म्यांवर धुळीची साय होती.

रिकामा झालेला कप्पा परत भरता येतो. पण त्यावर कुणी जुनी धूळ भरत नाही.

"ती पेटी कुणाकडे गेली?"

"ते हिला विचारा. पत्रं हीच बघते."

सूनबाई लेबलं चिकटवत होती. जीभ दातांत धरून, एकेक, सरळ रेषेत.

"ती पेटी ना? दातांच्या डॉक्टरांकडे. निवृत्त झालेत. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी. महिन्याला एक तक्रार. लेबल तिरकं आहे, खोक्याला खोक्याचा वास येतो. एकदा लिहिलं होतं, तुमची बाटली माझ्याकडे बघते."

"आणि या पेटीबद्दल?"

सूनबाईनं खणातून पत्र काढलं. "हे बघा. 'तुमच्या वाइनमुळे केकची चव गेली आणि माझे दात आंबले. मी बत्तीस वर्षं लोकांचे दात पाहिले आहेत, त्यामुळे मला कळतं. चौकशी व्हावी.'" ती हसली. "गोड वाइननं दात आंबले म्हणे! मी फाइल केलं. त्यांच्यासाठी वेगळी फाइल आहे. दुसरी. पहिली भरली."

तपासनीसबाई हसली नाही. तिला कोडं उलगडत आलं होतं, फक्त एक तुकडा बसत नव्हता. आणि तो तुकडा वेताचा होता, उशीसकट.

४

मोठ्या बाई खिडकीशी ताठ बसल्या होत्या. वय एक्क्याऐंशी. पाठ विशीतली.

"त्यांनी कबूल केलंय. आता तुम्ही काय शोधताय?"

"बुचं," तपासनीसबाई म्हणाली.

मोठ्या बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग हात हलवून बस म्हणून खुणावलं.

"तुम्ही वाइन पिता?"

"मला चव लागत नाही. वासही नाही."

"भाग्यवान आहात." त्या थोड्या पुढे झुकल्या. "एक सांगते. या घरात कुणाला माहीत नाही. मला गोड आवडत नाही."

तपासनीसबाईनं पापणीसुद्धा हलवली नाही. हे तिच्या मते अशा वेळी फार महत्त्वाचं होतं.

"सून म्हणून आले त्या दिवसापासून घोट घेते आणि वा म्हणते. इतकी वर्षं! पहिल्या दिवशी खोटं वा म्हटलं, मग ते मागे घ्यायचं कसं? यांना मात्र कळलं होतं. बोलले कधी नाहीत. मग ते बुरशी न आलेलं वर्ष आलं. सगळा मळा डोक्याला हात लावून बसलेला, आणि हे शीळ घालत फिरतायत. पुढे एक बाटली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, 'आता खरं बोल.'"

त्यांनी खिडकीची कडी उगाचच लावली आणि काढली.

"वर्षातून एक ग्लास मी घेते, एक तळघरकाकांना देते. त्यांना माहीत होतं ती माझ्यासाठी काय आहे. दुसऱ्या कुणी नेली असती तर मी इतकी चिडले नसते."

"तुम्ही तळघरात जाता?"

"पायऱ्या सुटल्या होत्या. लिफ्ट झाली तेव्हापासून रोज जाते, दुपारी. मुलानं सांगितलं ना, तिसरा कप्पा. तिथे खुर्ची ठेवून घेतलीय. दिवा लावत नाही, बाटल्या मोजत नाही, यांच्याशी बोलते थोडं. सुनेचं, मुलाचं, माझ्या गुडघेदुखीचं." त्या जरा ओशाळल्या. "बाटल्यांशी बोलते म्हणा हवं तर."

"खुर्ची वेताची? उशी असलेली?"

"हो."

तपासनीसबाई इतक्या झटकन उठली की वही खाली पडली. "मोठ्या बाई, चला. सगळ्यांना खाली बोलवा. काकांनाही. आणि काकांना म्हणावं, ट्रंकेला कुलूप लावू नका."

५

काका पायऱ्यांनी उतरले, आकडे म्हणत. बाकीचे लिफ्टनं उतरले. तळघराच्या या टोकाला काका, त्या टोकाला मोठ्या बाई, मुलगा आणि सूनबाई, आणि मधोमध, पाचव्या कप्प्यासमोर, तपासनीसबाई. तिला एकदम चौकातल्या वाहतूक पोलिसासारखं वाटलं. तिनं दोन्ही हात पसरले.

"सगळ्यांनी आपापल्या जागेवरून मोजा आणि तिसऱ्या कप्प्यावर हात ठेवा."

"हा काय पोरखेळ?" मोठ्या बाई म्हणाल्या, पण चालू लागल्या. खुर्ची उभी होती तिथे येऊन त्यांनी कमानीवर हात ठेवला. मुलानंही तिथेच ठेवला.

काकांनीही हात ठेवला. तपासनीसबाईच्या पलीकडे.

दोन्ही हातांच्या मध्ये तीन कप्पे होते.

 मग काका म्हणाले, "अहो, तो सातवा."

"कसला सातवा?" मुलगा म्हणाला. "तुम्ही उभे आहात तो सातवा. तोच तर मी रिकामा केला." आणि स्वतःचं वाक्य कानावर पडताच त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"बेचाळीस वर्षं या तळघराला एकच दार होतं," तपासनीसबाई म्हणाली. "मोजायला सुरुवात कुठून करायची हे कुणी सांगायचीही गरज नव्हती. मग काकांच्या गुडघ्याच्या काळजीपोटी दुसरं दार झालं. नऊ कप्पे. पाचवा दोन्हीकडून पाचवाच, त्यामुळे त्यातल्या पेट्या बरोबर गेल्या आणि कुणाला शंका आली नाही. चुकली ती एकच पेटी. तुमच्या बाजूनं मोजलेल्या सातव्या कप्प्यातली, म्हणजे काकांच्या तिसऱ्यातली. बारा बाटल्या. सूनबाईंनी त्यांच्यावर 'नेहमीची गोड' असं लेबल अगदी सरळ चिकटवलं."

"आई गं!" सूनबाई म्हणाली.

"मग काकांनी परत येऊन पाहिलं तर तिसरा रिकामा." ती काकांकडे वळली. "आणि तुम्हाला वाटलं, कुणी घेतल्या?"

काका मान खाली घालून गुडघा चोळू लागले.

"मला कळलं होतं," ते म्हणाले, "की बाई लिफ्टनं रोज खाली येतात. एकट्या. तास तास. म्हटलं, मालकांची आठवण येत असेल. एकेक करून... डॉक्टरांनी तर त्यांना वर्षाला एकच ग्लास सांगितलाय. मुलाला कळलं असतं तर लिफ्टला कुलूप लागलं असतं. म्हणून सातव्यातल्या आणून ठेवल्या. म्हटलं, वाढदिवसाला त्यांच्या त्यांनाच कळेल, आणि त्या गप्प बसतील. तर त्यांनीच विचारलं, कुणी नेली म्हणून. मग काय करणार? मला वाटलं, बाई विसरल्या असतील. वय झालंय."

"वय झालंय?" मोठ्या बाई कडाडल्या. "मी बारा बाटल्या पिऊन विसरले? तुम्हाला मी एवढी बेवडी वाटले?"

"दुःखी वाटलात," काका म्हणाले.

मोठ्या बाई खुर्चीकडे वळल्या. त्यांनी खुर्चीची उशी उचलली, झटकली आणि उलटी ठेवली. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी समोरच्या शंभर गोड बाटल्यांकडे पाहिलं.

"म्हणजे चार महिने मी हे सगळं कुणाला सांगत होते?"

पण मुलाचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यानं तपासनीसबाईचा हात धरला होता. "दातांचे डॉक्टर! त्यांनी एव्हाना काय केलं असेल त्या बाटल्यांचं?"

६

मुलाला बरोबर घेऊन आलेल्या तपासनीसबाईनं घंटेला बोट लावायच्या आधीच दार उघडलं.

"आलात?" दातांचे डॉक्टर म्हणाले. "चार महिने लागले. चौकशीसाठीच आलात ना?"

"हो."

"लेखी ओळखपत्र?"

तिनं दाखवलं. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर केलेल्या तक्रारींपैकी एकीची खरोखर चौकशी व्हावी, या सुखाची आशा त्यांनी कधी धरलीच नव्हती. ते दोघांना आतल्या खोलीत घेऊन गेले. कपाटात, जुन्या तपासणीच्या दिव्याखाली, अकरा बाटल्या ओळीनं आडव्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं चिठ्ठी. 'पुरावा क्रमांक एक', 'पुरावा क्रमांक दोन'.

"बारावी?" मुलानं घाबरत विचारलं.

"केकबरोबर उघडली. अख्खी संपवावी लागली. अर्ध्या बाटलीवर मत देणं मला योग्य वाटत नाही." ते मुलाकडे वळले. "पुरावा मी असा देणार नाही. माफी लेखी हवी. आणि त्यात दातांचा उल्लेख हवा."

मुलानं तिथेच बसून लिहिलं. डॉक्टरांनी दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि कागद भिंतीवर लावायला चौकट शोधू लागले. ती त्यांच्याकडे तयार होती.

रविवारी दुपारी सगळे पुन्हा तळघरात जमले, काकांच्या तिसऱ्या कप्प्यासमोर. पुरावा क्रमांक एक काकांनी स्वतः उघडला. बूच हुंगलं आणि ग्लास भरून मोठ्या बाईंच्या हातात दिला.

तपासनीसबाईला काहीच वास येत नव्हता. तिच्यासाठी त्या ग्लासात पाणी असतं तरी तेच होतं. म्हणून ती ग्लासाकडे पाहतच नव्हती. ती मोठ्या बाईंचा चेहरा पाहत होती. घोट घेताच मोठ्या बाईंचे गाल आत गेले, नाक आखडलं, एक डोळा आपोआप मिटला. एक्क्याऐंशी वर्षांच्या त्या करारी तोंडाची पार पुरचुंडी झाली.

"ही," त्या म्हणाल्या. 

दुसरा ग्लास त्यांनी स्वतः भरला आणि काकांपुढे धरला. "खोली रिकामी करायला आज शेवटचा दिवस ना?"

"ट्रंका बांधून ठेवल्यात बाई."

"सोडा त्या. मी चुकले." हे वाक्य त्या घरात यापूर्वी कुणी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. सूनबाईनं नवऱ्याला चिमटा काढून तो जागा आहे का ते पाहिलं. "दहा उरल्यात. वर्षाला एक. म्हणजे दहा वर्षं मला कुठे जाता येणार नाही, आणि तुम्हालाही नाही. गुडघा सांभाळा. लिफ्टनं येत जा."

"पाहू," काका म्हणाले, म्हणजे नाही.

मुलानं कप्प्यांवर आकडे रंगवायचा विषय काढला. मोठ्या बाई आणि काका दोघंही त्याच्याकडे अशा नजरेनं पाहू लागले की त्यानं तो तिथेच मिटवला. ठरलं एवढंच, की मोजायचं ते पायऱ्यांकडून, लिफ्टनं आलेल्यानंही. आधी त्या टोकापर्यंत चालत जायचं आणि मग मोजत परत यायचं. लिफ्टचा यात नक्की काय फायदा झाला, हे मुलानं विचारलं नाही.

तपासनीसबाईनं वही उघडून अहवाल लिहिला. "चोरी नाही. नुकसान एक बाटली, तक्रारदारानं केकबरोबर संपवली. गळती आढळली नाही."

काकांनी तोवर ती वेताची खुर्ची उचलली होती आणि सातव्या कप्प्यासमोरून ते तिला तिसऱ्याकडे आणत होते.

"थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या सातव्या कप्प्यापर्यंत चालत गेल्या आणि त्या शंभर गोड बाटल्यांसमोर, ओळखीच्या घरातून निघताना माणूस घुटमळतं तशा, घुटमळल्या. मग मुलाकडे वळल्या.

"या विकायच्या नाहीत."

"का गं आई? नेहमीचीच तर आहे."

"असू दे नेहमीची. आपल्या घरातलं सगळं माहीत झालंय त्यांना."